हे गेले

शशीकाकूंना इंग्रजी येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्यांच्याबरोबर आमच्या इंग्लंडमधल्या गावातल्या बसमधून जाऊन बघावं. उतरताना ड्रायव्हरला त्या 'टा, मी डक' म्हणतात, म्हणजे 'थँक्यू रे राजा', इथल्या जुन्या बायका म्हणतात तसंच आणि त्याच हेलात. होजिअरीच्या कारखान्यात ओव्हरलॉकच्या मशीनवर त्यांची उमेदीची वर्षं गेली. कारखाना बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मटार-बटाटे वाढण्यात पुढची गेली. ताटात टाकणाऱ्या गोऱ्या पोरांना त्यांनी ज्या भाषेत दमात घेतलं, ती भाषा काही मराठी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण "बिचारीला भाषा येत नव्हती ना," असं कोणी हळहळून म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. काकूंना भाषा येत होती. त्यांना ती बोलू दिली नाही.

मी अर्चना, त्यांची शेजारीण. आमची दोन घरं एका भिंतीला चिकटलेली आहेत. नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून या गावात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात काकूंनी दार वाजवलं आणि विचारलं, "डाळ कुठून आणतेस गं? इथल्या सुपरमार्केटातली घेऊ नकोस, शिजत नाही मेली." मग त्या मला बसमध्ये घालून तासाभरावरच्या लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडला घेऊन गेल्या आणि डाळ, कढीपत्ता, हिंग कुठून घ्यायचा ते दाखवून आणलं. मेला, मेली, मेलं हे शब्द त्यांच्या तोंडात कायमचे. बॉयलर मेला, बस मेली उशिरा येते, थंडी मेली हटत नाही. अलिबागकडच्या माणसांचं बोलणंच तसं, असं त्या म्हणायच्या. लग्न होऊन तिथून निघाल्या त्या थेट इथेच आल्या.

त्यांचे यजमान हरीश गुप्ते बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये होते. मूलबाळ नाही. काकू त्यांचं नाव घेत नसत. "हे," "आमचे हे," आणि इंग्रजीत फार तर "मिस्टर गुप्ते". दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टने फोनवर पेशंटचं पहिलं नाव विचारलं की काकू रिसिव्हर सरळ काकांच्या हातात द्यायच्या. मी चेष्टा करायचे. "काकू, उद्या स्टेशनवर काका हरवले तर माइकवरून काय पुकारायला सांगाल?"

"सांगेन, आमचे हे सापडत नाहीयेत."

"आणि इंग्रजांनी विचारलं, हे म्हणजे कोण?"

"तर म्हणेन, ज्यांना शोधतेय ते," म्हणत त्या हसायच्या. नाव मात्र हळदीकुंकवातल्या उखाण्यापलीकडे कधी निघालं नाही. आमच्या पिढीला हे खुळचट वाटतं. मलाही वाटायचं.

हरीशकाकांचा धर्म विचारलात, तर टीव्हीवरच्या बातम्या. देवाला हात जोडायचे ते काकूंनी. काका संध्याकाळी खुर्चीत बसले की मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "अरे उत्तर दे की! विचारलंय काय, बोलतोयस काय!" हे त्या त्या दिवशी स्टुडिओत बसलेल्या मंत्र्याला. बुधवारी रात्री जेवणानंतर एक कार्यक्रम लागायचा. नाव नाही घेत मी त्याचं, ते लोक शब्दाशब्दाला वकील लावतात हे आता मला कळलंय. त्यात बातमीदार कधी म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये घुसायचे, कधी ओल आलेल्या कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये, कधी तुरुंगात, आणि शेवटी एखाद्या मंत्र्याला समोर बसवून तोच तोच प्रश्न विचारत राहायचे. काकांना त्याचं कोण कौतुक! "अर्चना, हा देश कशावर टिकलाय माहितेय? मंत्र्याला कॅमेऱ्यासमोर घाम फोडणाऱ्या या माणसांवर." काकू विणकाम घेऊन शेजारी बसायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांचं ब्रिटन त्या डब्यात आहे. माझं बाहेर बस स्टॉपवर आहे."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, दुपारी जेवून उठताना काकांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्सला वेळ लागेल असं फोनवर कळलं, म्हणून माझ्या नवऱ्याने काका-काकूंना गाडीतून हॉस्पिटलला सोडलं. तिथे जागा नव्हती. आत जाणाऱ्या लांब कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावून ट्रॉल्या उभ्या होत्या आणि प्रत्येक ट्रॉलीवर माणूस. त्या रांगेत काकांना झोपवलं. एका नर्सने हाताला काहीतरी लावलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि डॉक्टर बोलावतील म्हणून ती निघून गेली. थोड्या वेळाने एक पोर्टर आला. वाटेत अडचण होतेय म्हणत त्याने काकांची ट्रॉली ढकलत वळणापलीकडे, चादरींच्या कपाटाजवळ नेऊन ठेवली. त्यानंतर डॉक्टरांनी बोलावलं. नर्स आधीच्या जागी आली, तिने नाव पुकारलं, कोणी ओ दिली नाही. कंटाळून घरी निघून जाणारे पेशंट रोजचेच. यांच्यापैकीच हाही एक, असं समजून तिने पुढचं नाव पुकारलं.

काका वळणापलीकडे होते, काकू त्यांच्याजवळ. काकांना घाम फुटला होता. काकू नर्सला शोधायला गेल्या, दोन-तीन जणींना विचारत फिरल्या, एकीने "आलेच हं" म्हटलं. काकू परत आल्या.

"मी निघाले तेव्हा म्हणाले, येताना पाणी आण," काकूंनी नंतर मला सांगितलं. "परत आले तर हे गेले होते."

एवढंच म्हणाल्या. मराठी माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही.

चौकशी झाली. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, मृत्यू नैसर्गिक, असा निष्कर्ष निघाला. मग हॉस्पिटलने काकूंना भेटायला बोलावलं. मी बरोबर गेले होते. टेबलावर टिशूचा डबा ठेवून एक गोड बोलणारी बाई बसली होती. तिने फार वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मग म्हणाली की नोंदीप्रमाणे मिस्टर गुप्ते नेमून दिलेली जागा सोडून गेले होते, त्यामुळे दुर्दैवाने डॉक्टरांना त्यांना तपासता आलं नाही.

काकू इंग्रजीत म्हणाल्या, "त्यांना पायातले बूट काढता येत नव्हते. मी काढले. बूट माझ्या पिशवीत होते. ते कुठे जाणार?"

"तुमच्या भावना मी समजू शकते," बाई म्हणाली आणि तिने डबा पुढे सरकवला.

बसमध्ये काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला भरपाई नको. कोणाची नोकरीही जायला नको. त्या पोरी तरी काय, पळून पळून दमलेल्या. फक्त त्यांनी एकदा म्हणावं की मिस्टर गुप्ते त्यांच्या जागेवर होते. आम्ही ठेवलं तिथेच होते, आणि आम्ही बघायला आलो नाही." मग थोड्या वेळाने, "हे आयुष्यात कधी रांग सोडून गेले नाहीत गं. माझ्यावर ओरडायचे, पुढे घुसू नकोस म्हणून. त्यांना पळपुटं ठरवलं."

बास, एवढंच हवं होतं त्यांना. त्यांनी हॉस्पिटलला दोनदा फोन केले, आमच्या खासदाराच्या ऑफिसात जाऊन बसल्या. सगळीकडे सगळ्यांना फार वाईट वाटलं. त्या एका वाक्याला मात्र कोणी हात लावेना.

मग ईशिताचा फोन आला. ही लंडनच्या इल्फर्डमध्ये जन्मलेली, वाढलेली मराठी मुलगी, त्याच बुधवारच्या कार्यक्रमात रिसर्चर. कॉरिडॉरमध्ये ठेवलेल्या पेशंटांवर ते एक भाग करत होते, आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या कोणीतरी तिला काकूंचं नाव दिलं होतं. काकू फोन ठेवून माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत काका गेल्यानंतर पहिल्यांदा काहीतरी हललं होतं. "अगं, ह्यांचा कार्यक्रम! बुधवारचा!" जणू काकांनीच वरून वशिला लावला होता.

शूटिंगला ईशिता, प्रोड्यूसर आणि कॅमेरामन असे तिघं आले. सोफा हलवला. पडदे ओढले, मग उघडले, मग अर्धे ओढले. काकांचा फोटो भिंतीवरून काढून उजेडात टेबलावर ठेवला. काकू स्वयंपाकघरात चहा करतायत असं एक दृश्य हवं होतं. काकूंनी कपात टीबॅग टाकली तशी प्रोड्यूसरने ईशिताच्या कानात काहीतरी सांगितलं. ती ओशाळून म्हणाली, "काकू, पातेल्यामधला चहा करशील का? आलं-बिलं घालून?" काकू चाळीस वर्षं टीबॅगचा चहा पितायत. पण केला बिचारीने.

मग खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला, आणि कोणी काही विचारायच्या आत स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "माय हजबंड डाइड इन अ कॉरिडॉर. ही वॉज नॉट मिसिंग. दे डिड नॉट लुक."

आता सांगा, यात कोणाला काय समजलं नसतं?

कॅमेरा अजून सुरू झाला नव्हता. प्रोड्यूसर चांगला माणूस होता, हे कबूल करायला हवं. तो हळुवारपणे म्हणाला की ज्या भाषेत दुःख होतं त्या भाषेत माणसाने बोलावं. ईशिता पुढे सरकली. "काकू, इंग्लिशमध्ये नको. मराठीमध्ये बोला ना, प्लीज. इट्स मोअर रिअल, यू नो? तुमचा भाषा, तुमचा दुःख. आम्ही खाली सबटायटल देणार."

"इंग्रजीत काय वाईट आहे?"

"वाईट नाही. पण मराठीमध्ये लोकांना फील येईल."

ज्यांना अक्षर कळणार नाही त्यांना फील येणार! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. घर माझं नव्हतं, सांगणं माझं नव्हतं. काकू मराठीत बोलायला लागल्या. खूप वेळ बोलल्या, बुटांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं, वळणाचं, चादरींच्या कपाटाचं. आणि म्हणाल्या, "मी नर्सला शोधून परत आले, तर हे गेले होते. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं." मला तिथे भडभडून आलं. काकूंना आलं. ईशिताचेही डोळे भरले. कोणालाच काही खटकलं नाही.

बुधवारी आम्ही काकूंकडे बसलो. मी, माझा नवरा आणि काकू. काकूंनी काकांची खुर्ची मोकळी ठेवली होती. कार्यक्रम चांगला होता, मुद्दाम सांगते, बनवेगिरी नव्हती. बातमीदार तळमळीने बोलत होता. मग काकू पडद्यावर आल्या. पातेल्यातून वाफ आली. तासभर सांगितलेल्यातली तीन-चार वाक्यं उरली होती. पडद्यावरच्या काकू म्हणाल्या, "परत आले, तर हे गेले होते." आणि खाली पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत उमटलं: 'मी परत आले तेव्हा तो निघून गेला होता. कोणाच्या लक्षातही आलं नाही.' ही हॅड लेफ्ट.

लेफ्ट!

काकू स्वतःचा आवाज ऐकत होत्या, अक्षरं वाचतच नव्हत्या. "बरी दिसले ना गं?" त्यांनी विचारलं. मी उठून उभी राहिले होते. माझ्या नवऱ्याने माझा हात धरला. पण लपवून काय उपयोग होता, दुसऱ्या दिवशी गाव सांगणारच होतं. मी सांगितलं. काकूंनी ते शांतपणे ऐकलं, मग म्हणाल्या, "परत लाव." परत लावलं. या वेळी त्यांनी चष्मा घालून वाचलं. "पण मी असं म्हटलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि लहान मुलासारखं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलने पत्रकारांना सांगितलं की या दुःखद घटनेत रुग्ण आपली जागा सोडून गेला होता हे आम्ही आधीपासून म्हणत आहोत, आणि आता श्रीमती गुप्ते यांनी स्वतः कार्यक्रमात त्याला दुजोरा दिला आहे. म्हणजे जे वाक्य खोडायला काकू टीव्हीवर गेल्या, त्यावरच त्यांच्या तोंडून शिक्कामोर्तब झालं. संध्याकाळी एका चर्चेत दोन पक्षांचे दोन खासदार त्यावर भांडले. एक म्हणाला, सरकारने या बाईला वाऱ्यावर सोडलं. दुसरा म्हणाला, पण तिचा नवराच उठून गेला हे तीच सांगते, मग सरकार काय करणार. दोघांनाही काकांचं नाव नीट उच्चारता आलं नाही. रेडिओवर कोणी फोन करून म्हणालं की लोकांना धीरच उरलेला नाही. आणि बस स्टॉपवर समोरच्या गल्लीतल्या म्हातारीने, अगदी मायेने, काकूंचा हात धरून विचारलं, "कुठे निघाला होता गं तो, मी डक?"

त्यानंतर काकू काही दिवस बसने गेल्याच नाहीत. डाळ मीच आणली.

ईशिता धावत आली. आल्या आल्या रडायलाच लागली. "मी 'गॉन' लिहिला होता काकू, आय स्वेअर. एडिटर म्हणाला, गॉन म्हणजे काय, लोकांना क्लिअर पाहिजे. मला वाटला... ट्रॉली हलवला होता ना, म्हणून तुम्ही परत आले आणि काका तिथे नव्हता, आणि मग नंतर सापडला..."

"अगं, पण गेले म्हणजे गेले," काकू म्हणाल्या. "तुमच्या घरी माणूस गेलं की काय म्हणतात?"

"माझी आजी म्हणते, ऑफ झाले."

काकूंनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू आलं. मग हसता हसता त्यांनी पदर तोंडावर घेतला. मला मात्र हसू आलं नाही. एका घरात 'गेले', एका घरात 'ऑफ झाले', कुठे 'वारले', कुठे 'देवाघरी'. आपण मराठी माणसांनी त्या एका शब्दावर इतकी पांघरुणं घातली आहेत की आपलीच पोरगी खालचं माणूस ओळखेना. काकूंनी तिला पोहे खायला घातले. "पोरीचा काय दोष," त्या मला म्हणाल्या. "तिला भाषा आजीकडून सुट्टीत मिळाली, तेवढीच."

ईशिता मनापासून भांडली. नोकरी पणाला लावली म्हणा ना. चॅनेलने तक्रार घेतली आणि एका त्रयस्थ भाषांतरकाराकडून ते वाक्य तपासून घेतलं. त्याने शब्दशः अर्थ लिहून दिला: 'दीज वेन्ट'. हे गेले. हे म्हणजे दीज, गेले म्हणजे वेन्ट. चॅनेलने कळवलं की आमचं भाषांतर शब्दशः पाहता चुकीचं नाही, तरी श्रीमती गुप्ते यांना झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटतं. पुन्हा वाईट वाटलं! या देशात वाईट वाटण्याचा तुटवडा नाही.

पण ईशिताने हात टेकले नाहीत. त्याच चॅनेलच्या संध्याकाळच्या बातम्यांमध्ये दोन मिनिटांचा खुलासा दाखवायला तिने त्यांना राजी केलं. अट एक होती. काकूंनी मराठीतच बोलायचं. आता इंग्रजीत बोलल्या तर हॉस्पिटल म्हणेल, बाईने जबाब फिरवला. आणि या वेळी शब्द असे हवेत की कोणत्याही डिक्शनरीत दुसरा अर्थ निघता कामा नये. 'हे' चालणार नाही, 'गेले' चालणार नाही. कोण, ते नाव घेऊन, आणि काय झालं, ते सरळ.

"सरळ म्हणजे?" काकूंनी विचारलं.

ईशिताने खाली बघितलं. "मेले," ती हळूच म्हणाली.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. "काकू, नका करू. काही गरज नाही," मी म्हटलं. त्या सिंकच्या कडेला धरून उभ्या होत्या. "तो शब्द मी डाळीला वापरते गं," त्या म्हणाल्या. "बॉयलरला वापरते. ह्यांना कसा वापरू?"

ईशिता त्या दिवशी तशीच परत गेली. मला वाटलं, मिटलं. दोन-चार दिवसांनी काकूच माझ्या दारात आल्या. झोपल्या नव्हत्या असं चेहऱ्यावरून दिसत होतं. म्हणाल्या, "बोलव तिला. माझ्या तोंडून ह्यांना पळपुटं केलं त्यांनी. मग माझ्या तोंडूनच ते पुसायला हवं. हे बसायचे ना त्या खुर्चीत, मंत्र्यांवर ओरडत, सरळ उत्तर दे म्हणून. आता माझी पाळी आलीय, तर मी काय नाक मुरडू?"

या वेळी चहाबिहा नव्हता. काकू खुर्चीत बसल्या. मग मला म्हणाल्या, "फोटो आत नेऊन ठेव. ह्यांच्यासमोर नको." मी काकांचा फोटो उचलून बेडरूममध्ये नेला, पलंगावर पालथा ठेवला आणि दार लावून घेतलं.

कॅमेरा सुरू झाला. काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. "माझे... हरीश," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते नाव इतकं परकं वाटलं की मला वाटलं दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत. "हरीश गुप्ते मेले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, ट्रॉलीवर मेले. ते उठले नाहीत, कुठेही निघून गेले नाहीत. जिथे ठेवलं होतं तिथेच मेले."

प्रोड्यूसरने ईशिताकडे बघितलं. ईशिताने मान हलवली. कॅमेरामन हळूच म्हणाला, "दॅट वॉज परफेक्ट." काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून चूळ भरत राहिल्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. परत आल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, "स्पष्ट आलं ना? आता कोणाला काही विचारता येणार नाही ना?"

"नाही येणार," मी म्हटलं.

दाखवायच्या दिवशी आम्ही पुन्हा तसेच बसलो. काकूंनी चष्मा आधीच घालून ठेवला होता. बातम्या सुरू झाल्या. त्या दुपारी कोणा मंत्र्याने राजीनामा दिला होता. कोणत्या ते आता आठवतही नाही, तेव्हा ते पटापट जातच होते. पडद्यावर पंतप्रधानांच्या घराचा काळा दरवाजा, त्याच्यासमोर कोटाची कॉलर वर केलेला बातमीदार. आत काय चाललंय ते अजून कळलेलं नाही, असं तो सांगत होता. मग स्टुडिओतला माणूस त्याला विचारत होता की आत काय चाललंय. मग पुन्हा तो दरवाजा. एक मोटार आली, मोटार गेली. एक मांजर पायरीवर येऊन बसलं, तर कॅमेऱ्याने त्याला जवळून दाखवलं. बातम्या संपल्या आणि हवामान आलं.

"आता दाखवतील," काकू म्हणाल्या. हवामानही संपलं.

ईशिताचा मेसेज आला. सॉरी, आज जागा नाही मिळाली, उद्या नक्की. उद्या नवा मंत्री आला. परवा त्या मंत्र्याने पूर्वी कधीतरी काय म्हटलं होतं, ते निघालं. आठवडाभर काकू चष्मा घालून बसत होत्या. मी रोज जात होते. काकांना आवडणारी ती सगळी माणसं पडद्यावर होती. मंत्र्यांना घाम फोडत होती, तोच तोच प्रश्न विचारत होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी ईशिताचा फोन आला. काकूंनी स्पीकर लावला. पोरीचा आवाज बसला होता. ती म्हणाली की तिने सगळं करून पाहिलं, पण आता ते दाखवणार नाहीत. वरचे लोक म्हणतात, कॉरिडॉरचा विषय जुना झाला. "दे से द स्टोरी हॅज मूव्ह्ड ऑन, काकू."

"म्हणजे गेली," काकू म्हणाल्या.

"हो. पण तो टेप आहे. मी सेव्ह केला आहे. तुम्हाला पाठवू?"

"नको," काकू म्हणाल्या. "काढून टाक. पुसून टाक तो." तिला जेवलीस का विचारलं, इल्फर्डला आईला नमस्कार सांग म्हटलं आणि फोन ठेवला.

मी काहीतरी बोलायला लागले. तक्रार करू, दुसऱ्या चॅनेलला लिहू, मीच मंडळातल्या सगळ्यांना सांगते, असं काहीबाही. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. काकूंनी हाताने थांब म्हटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आवाजही चढला नव्हता.

"अर्चना," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हॉस्पिटलात हे नुसते गेले होते गं. मेले ते मी म्हटल्यावर. आणि तेसुद्धा कोणी ऐकलं नाही."